तीन देशांचं विमान आणि आमचे मामा

उशिराची बाजू घेऊन भांडणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात आमच्या मामांसारखा दुसरा झाला नाही, आणि तेही स्वतःच्या उशिराची नव्हे, समुद्रापलीकडच्या तीन देशांच्या उशिराची. मामा म्हणजे माझ्या आईचे लांबचे चुलतभाऊ. मलकापूरजवळच्या खेड्यात त्यांची शेती. जानेफळहून मला त्यांनी आणलं, घरी ठेवून घेतलं आणि हायस्कुलात घातलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मला जो काही मान मिळतो, त्यातला अर्धा मी मनातल्या मनात त्यांच्या पायाशी ठेवतो.

गोऱ्यांच्या दुसऱ्या महायुद्धात मामा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही. विमानाच्या उघड्या दारात कमरेला पट्टा बांधून बसायचं आणि खाली डोंगरात अडकलेल्या शिपायांसाठी तांदळाची पोती लाथेनं ढकलायची, हे त्यांचं काम. तेव्हापासून ओझं नीट रचलेलं नसलं की त्यांना अन्न गोड लागत नसे. बैलगाडी भरली की ते देवळाला घालावी तशी गाडीला प्रदक्षिणा घालत. मलकापूर स्टेशनवर कापसाच्या गाठी वॅगनमध्ये चढत असल्या, तर ते हमालांना न विचारता सल्ला देत आणि हमाल त्यांना न विचारता शिव्या देत. माझ्या लग्नाला एस.टी. ठरवली होती. वऱ्हाड बसून झाल्यावर मामांनी सगळ्यांना उठवलं आणि वजनाप्रमाणे नव्यानं बसवलं. जड माणसं पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध, हलकी मागे. मी काडीपैलवान. त्यामुळे नवरदेव शेवटच्या बाकावर उसळत गेला आणि मानाच्या जागी आमच्या आत्याबाई ऐसपैस बसून आल्या.

चीनच्या लढाईनंतर मामांचा मुलगा, आमचा दादा, उत्तरेकडच्या बर्फात एका चौकीवर होता. तिथं रस्ता नव्हता. मीठसुद्धा आकाशातून पडायचं. इतर बापांची काळजी ढोबळ असते, मामांची बारीक होती. वरून ढकललेल्या पोत्यांतली किती दरीत जातात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अशात एकदा मी त्यांना इंग्रजी पेपरातली एक बातमी वाचून दाखवली. युरोपातले तीन देश मिळून लष्करासाठी मालवाहू विमान बांधणार होते. पंख एकाकडे, पोट दुसऱ्याकडे, शेपूट तिसऱ्याकडे. पोट एवढं मोठं, की मागचं दार उघडून अख्खी जीप आत घालावी, आणि शेतासारख्या ओबडधोबड जागेतही ते खाली उतरेल. म्हणजे ढकलाढकलच नको. आपलं सरकारही त्याची चौकशी करील, असं बातमीच्या शेवटी एक वाक्य होतं. तेवढं वाक्य मामांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, आणि त्या दिवसापासून ते विमान ‘आपलं’ झालं.

मग उशीर सुरू झाला. एका वर्षी पंखांची मापं बदलली. पुढच्या वर्षी इंजिन कोणी करायचं यावर बैठका अडल्या. खर्च ठरल्याच्या दुपटीवर गेला, आणि एकही विमान उडालेलं नसताना पहिलं विमान कोणी घ्यायचं यावरून तिघांचं वाजलं. ही बातमी वाचताना माझा आवाज पडला, पण मामांचा चेहरा खुलला. त्यांची आणि दोघा चुलतभावांची एक सामाईक विहीर होती. तिथंही पाणी लागायच्या आधीच पाण्याच्या पाळीवरून भांडण होऊन खोदकाम वर्षभर बंद पडलं होतं. शेवटी पाणी लागलं ते लागलंच. मामा म्हणाले, “पाळीवरून भांडून राह्यले ना? मंग पानी लागनार. ज्याले भरोसा नसते, तो कायले भांडते?”

स्टेशनजवळच्या हॉटेलात कापसाचे एक अडते रोज त्यांची वाट पाहत बसत. मामा दारात दिसले की ते विचारत, “काऊन हो पाटील, तुमचं विमान अजून गाभनच हाय काय?”

“हत्तीन हाय ते,” मामा चहा बशीत ओतत म्हणत. “लवकर वेनारी पाह्याची असन, त तुमच्या दुकानामांगं शेळी बांधली हाय.”

मग एक दिवस तिसऱ्या देशानं अंग काढून घेतल्याची बातमी आली. दादाचं पत्र त्या दिवसांत बरेच दिवस आलं नव्हतं. म्हणून हॉटेलात ती बातमी गाळून मी कापसाचा भाव वाचू लागलो. मामांनी पेपरावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या विमानाचं चित्र ते कुठंही ओळखत. मला वाचावं लागलं. अडते त्या दिवशी थट्टेत नव्हते. सोडा आता पाटील, त्या विमानाचं काही खरं नाही, असं ते समजुतीनंच म्हणाले. मामा उठून उभे राहिले.

“एक भाऊबंद निंगून गेला म्हून कोनी विहीर बुजवते? त्याच्या वाट्याची माती बाकीचे उपसतीन. उशीर होईन. होऊ द्या.”

आवाज नेहमीचाच खणखणीत होता. बशीतला चहा मात्र तसाच राहिला.

ते विमान उडालं. ठरल्याच्या कितीतरी नंतर, ठरल्याच्या कितीतरी महाग, पण उडालं. तोवर चौकीवरची मुदत संपवून, एका पायाची बोटं बर्फात ठेवून, दादा घरी आला होता. आपल्या सरकारनं ते विमान काही घेतलं नाही. तरीही मामांनी हॉटेलात पेढे वाटले. आपल्याला कुठं मिळालं, असं अडत्यांनी विचारलंच. मामा म्हणाले, “कोन्या ना कोन्या बापाले त भेटलं.”

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी दादाला विचारलं, की आता तुझ्या जागेवर कोण आहे. दादानं सांगितलं, जळगाव जामोदकडचा एक मुलगा आहे. मामांनी हात धुतले आणि मला बसची वेळ विचारली.

सातपुड्याच्या पायथ्याशी त्या मुलाचं घर सापडलं. बाप मामांसारखाच शेतकरी, शांत माणूस. त्यानं आम्हांला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि कोण, कुठले हे कळल्यावर पहिला प्रश्न विचारला, की तिथं पोरांपर्यंत माल नीट पोचतो का. पोत्यांचं आणि दऱ्यांचं मामांइतकं कोणाला ठाऊक होतं? मामांनी पाण्याचा तांब्या बाजेखाली ठेवला.

“पोचते,” ते म्हणाले. “ढकलनारे चांगले हायत. अन् दुसरं मोठं विमान बनून राह्यलं, खाली उतरनारं. टाइम लागन, भाऊ. पन बनून राह्यलं.”

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेला, मास्तर, रोज पेपर वाचणारा. असली बातमी कुठल्याच पेपरात नव्हती.

“हाव,” मी म्हणालो. “बनून राह्यलं.”