बाबांनी कापलेल्या गोळ्या

माझे हात वर जाईनासे झाले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. मांजलपूरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. आधी फळ्याच्या वरच्या भागात लिहिणं सुटलं. मी अर्ध्या फळ्यातच गणितं बसवू लागले. मग एका सकाळी कंगवा धरलेला हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडकला.

सयाजीगंजातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, स्नायूंना सूज आहे. आजार चिवट, पण स्टिरॉइडने आटोक्यात येईल. सुरुवात मोठ्या डोसाने, मग हळूहळू उतरायचं.

"हळूहळू म्हणजे वर्ष, दीड वर्षसुद्धा," त्या म्हणाल्या. "आणि मनाने एक दिवसही बंद करायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबवतं. ते पुन्हा जागं व्हायला वेळ लागतो."

नवऱ्याची कारखान्यात पहिली पाळी. तो उजाडायच्या आत बाहेर पडायचा. सकाळी घरात मी आणि सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासरे रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त, बोलणं मोजकं. मला केस मोकळे सोडून हताश बसलेली पाहिलं आणि ते दारातूनच म्हणाले, "कंगवा दे इकडे."

"राहू द्या बाबा. शेजारच्या बेनना बोलावते."

"त्या येईपर्यंत तुझी शाळा भरेल. बस."

त्यांचे राठ हात माझ्या केसांतून इतके बिचकत फिरले की मला हसावं की रडावं कळेना. वेणी वाकडी झाली. पण दोन महिने रोज घालून घालून त्यांचा हात चांगला बसला.

औषधाने माझे हात पुन्हा वर जाऊ लागले. डोस उतरायला लागला, तशी गोळ्या कापायची वेळ आली. पाच मिलिग्रॅमची एक आणि तिच्या जोडीला अर्धी. ते काम बाबांनी स्वतःहून घेतलं. स्टीलची ताटली उपडी करायची, त्यावर गोळी ठेवायची, नव्या ब्लेडने बरोबर रेघेवर दाबायचं. चुरा झाला तर ती गोळी बाजूला. सकाळी नाश्ता झाला की तळहातावर गोळी आणि तुकडा घेऊन ते माझ्यासमोर उभे.

पण तोवर माझा चेहरा माझा राहिला नव्हता. गाल फुगून डोळे बारीक झाले होते. लिफ्टपाशी शेजारच्या गुजराती बेन कौतुकानेच म्हणाल्या, "हमणां तो बहु भरायां छो!" अंग भरलेलं पाहून त्यांना वाटलं, तब्येत सुधारली. त्याच महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाच्या फोटोंत हा चेहरा कायमचा राहणार, या विचाराने मी हैराण झाले. हात तर वर जातात, दुखत काही नाही, मग कशाला हवं औषध? मी बाबांकडून गोळ्या घ्यायची, त्यांची पाठ वळली की गॅलरीतल्या कुंडीत बोटाने दाबून टाकायची.

बारा दिवस. तेराव्या दिवशी दुपारी, वर्गातच, पाय गळाले. उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधार आला. सहकारी बाईंनी रिक्षा करून दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार खाली गेला होता. सलाईन, इंजेक्शनं, धावपळ. शुद्ध नीट आली तेव्हा बाबा पायथ्याशी उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

त्या विचारात पडल्या. तेवढ्यात बाबा पुढे झाले. हात जोडल्यासारखे धरून म्हणाले, "डॉक्टर, चूक माझी असेल. गोळ्या मीच कापतो. हल्ली हात थोडा थरथरतो माझा. तुकडे कमी-जास्त झाले असतील. पोरीला कमी गेलं असेल."

इतक्या वर्षांत त्यांना कोणापुढेही असं बोलताना मी पाहिलं नव्हतं. हात थरथरतो हेही मला ठाऊक नव्हतं. मी तोंड भिंतीकडे वळवलं, पण गप्प राहणं जमलं नाही.

"बाबा, तुमचे तुकडे बरोबर होते," मी म्हटलं. "मी घेतच नव्हते. कुंडीत टाकत होते."

मग बाबांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "चेहऱ्यामुळे?"

मी हो म्हटलं आणि रडले. ते माझ्या पायावर चादरीवरून हात ठेवून बसून राहिले. रडणं ओसरल्यावर एवढंच म्हणाले, "मला सांगायचंस. मी काय, मीही लग्नाला गेलो नसतो. दोघं घरी बसलो असतो."

डोस पुन्हा वाढला आणि उतरण नव्याने सुरू झाली, आधीपेक्षा संथ. लग्नाला आम्ही गेलोच. फोटोंत माझा चेहरा गोल आहे, आणि प्रत्येक फोटोत बाबा माझ्या शेजारी आहेत. प्रत्येक पायरी उतरली की चार-आठ दिवस अंग दुखायचं, थकवा यायचा. आजार परतला की शरीर जागं होतंय, हे मला कळायचं नाही. मी फोन करून विचारायची, थांबायची, मग पुढची पायरी.

शेवटची अर्धी गोळी सुटायला दोन वर्षं लागली. सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तुमचं शरीर स्वतःचं बनवतंय. बंद करा. मात्र आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. लक्ष ठेवा."

लक्ष मी ठेवतेच. पण माझ्याहून जास्त दुसरंच कोणी ठेवतं. शाळेतून परतताना सोसायटीच्या फाटकात स्कूटर वळवली की गॅलरीत बाबा दिसतात. मी गाडी लावून पिशवी खांद्यावर घेते, तोवर ते माझ्या हातांकडे पाहत असतात. मी वर पाहिलं की घाईघाईने दोरीवरचा वाळलेला टॉवेल काढायला लागतात.