हस्तलिखिताला जामीन राहणारा माणूस

इस्माईलभाई बागवान यांची आणि माझी पहिली भेट एका जळालेल्या मोटारीमुळे झाली. केजजवळच्या आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीतली पाणबुडी मोटार जळाली होती, आणि ती भरून द्यायला, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायला, मला युसूफ वडगावहून बोलावले होते. साल दुष्काळाचे. ऊसच नसल्यामुळे गाळप बंद होते आणि कार्यालयात चार-दोन माणसे तेवढी उरली होती. त्यांत जावक विभागाचे कारकून इस्माईलभाई होते. मी त्यांच्या टेबलाशी पोचलो तेव्हा ते एक जाड पाकीट तराजूत घालून तिसऱ्यांदा तोलत होते.

"तीन-तीनदा कावून तोलायलात, भाई?" मी विचारले.

"तिकीट कमी लागलं तर समोरच्याला दंड बसतो, मिस्तरी. पहिल्याच भेटीत ज्याला दंड बसला, त्यो आपलं पान प्रेमानं वाचंल का?"

पाकिटात एका शिक्षकाच्या कथा होत्या आणि ते पुण्याच्या प्रकाशकाकडे निघाले होते. कारखान्याचे टपाल संपले की इस्माईलभाई हे दुसरे टपाल करीत. तालुक्यात कोणी काही लिहिले की ते आधी त्यांच्याकडे येई. त्यासाठी त्यांचे वेगळे जावक रजिस्टर होते. माझ्या अवजारांच्या पिशवीत पान्यांखाली माझ्या कादंबरीच्या दोन वह्या होत्या. मी नववीपर्यंत शिकलेला. त्यापुढचे जे काही येते ते स्वतः वाचून, शब्दकोश चाळून मिळवलेले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. वह्या मी आजवर कोणाला दाखवल्या नव्हत्या. त्या दिवशी का काढल्या, सांगता येत नाही. पाकीट तोलणाऱ्या त्या हाताची बारकाई माझ्या धंद्यातली वाटली असावी.

त्यांनी उभ्याउभ्याच वीस पाने वाचली.

"वाइंडिंगचं लई बारीक लिवलंय. तारेचा गेज, वेढे, वार्निश, समदं हाय. पण माणूस येतो सतराव्या पानावर."

"त्याच्या आधी मोटार समजाया नको का?"

"तुमाला मोटार समजावायचीय का माणूस? पुण्याची संपादक बाई सतराव्या पानापर्यंत येनार न्हाई, मिस्तरी. तिच्या टेबलावर अशा पन्नास वह्या असतेत."

मी रागावून वह्या परत पिशवीत टाकल्या. आठ दिवसांनी सोळा पाने काढून पुन्हा गेलो. तिथून माझे शिक्षण सुरू झाले.

त्यांचे शिकवणे सोसायटीच्या कर्जप्रकरणासारखे होते. कागद पुरा असल्याशिवाय प्रकरण पुढे जात नसे. आधी त्यांनी मला अंबाजोगाईला पिटाळले. ग्रंथालयात बसायचे, आपल्या पुस्तकाच्या जातीची पुस्तके कोण छापतो ते पाहायचे आणि त्यांचीच नावे उतरवून आणायची. पाककृती छापणाऱ्याला कादंबरी पाठवणे म्हणजे, त्यांच्या भाषेत, "हेडऑफिसचं पत्र गोडाऊनला." मग कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत जागा सोडून, स्वच्छ प्रत. माझ्या वहीवर ग्रीसचे ठसे होते आणि अक्षर मोटारीवर नंबर टाकावा तसे. इस्माईलभाईंनी पहिली तीन प्रकरणे दोन रविवार बसून स्वतःच्या हाताने उतरवून दिली. मी नको म्हणालो तर म्हणाले, "तुमी कारखान्याची मोटार भरली, मी तुमची वही भरतो."

सोबतचे पत्र एका पानाचे. आपण कोण, पुस्तक कशाबद्दल, अंदाजे किती शब्द, पूर्वी कुठे छापले आहे का. मी 'आपल्यासारख्या थोर प्रकाशन संस्थेच्या चरणी' असे सुरू केले होते, ते त्यांनी आडवी रेघ मारून काढले. कथासारात कादंबरीचा शेवट लिहायला लावला तेव्हा आमचे कडाक्याचे भांडण झाले.

"शेवटच सांगून टाकला तर ते पुढं कशाला वाचतील?"

"तुमी प्रकरण मंजुरीला टाकायलात, पोराचं बारसं न्हाई करायले. विहीर कुठं संपती ते न सांगता कोन कर्ज देईल?"

आजची मुले त्यांना विचारतात, भाई, साहित्याचा एजंट कुठे भेटतो? आपल्याकडे एजंट म्हटले की विम्याचा नाहीतर जनावरांच्या बाजारातला, असे म्हणून ते आधी हसून घेतात. मग सरळ सांगतात. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना असे एजंट असतात. पुस्तक गेले तर लेखकाच्या मानधनातला ठरलेला हिस्सा ते घेतात. पुस्तक जायच्या आधीच जो पैसे मागतो त्याच्या दारात पाऊल टाकू नका. मराठीत बहुतेक ठिकाणी आपले आपणच प्रकाशकाकडे जायचे. करार आला तर प्रत्येक ओळ वाचायची आणि लेखनाचा हक्क कोणाकडे राहतो ते पाहिल्याशिवाय सही करायची नाही. आता पाकिटाऐवजी ईमेल जातो, पण नियम तेच.

मराठीत एजंट नाही असे सांगणारे इस्माईलभाई स्वतः आमचे कोण होते? ते आमचे जामीनदार होते. प्रत्येक हस्तलिखितासोबत त्यांच्या सहीची एक चिठ्ठी जाई: 'हे लेखन मी पूर्ण वाचले आहे. ते अन्यत्र दिलेले नाही व छापलेले नाही. याची जबाबदारी माझी.' पाकिटाच्या तोंडावर पातळ कागदाची पट्टी डकवून तिच्यावरही ते आडवी सही करीत. वर्षानुवर्षे अशी नेमकी, खरी पाकिटे गेल्यामुळे पुण्याच्या त्या प्रकाशनगृहातल्या संपादकबाई केजचे पाकीट आले की आधी तेच उघडत. खुद्द बाईंनीच तसे त्यांना कळवले होते. आमच्या तालुक्याला पुण्यात एवढी एकच ओळख होती, आणि ती एका कारकुनाच्या शब्दावर उभी होती.

होकार आला की ते पोस्टकार्ड टाकत. नकार मात्र कधी टपालाने पाठवत नसत. जीपमध्ये दाटीवाटीने बसून त्या गावी स्वतः जात, घरच्यांची विचारपूस करीत, चहा घेत आणि मग हळूच पत्र पुढे करीत. त्या कथाकार शिक्षकांना त्यांनी दोनदा असे पत्र नेऊन दिले. तिसऱ्या वेळी इस्माईलभाईंना दारात पाहताच गुरुजी आतल्या खोलीकडे ओरडले, "चहा ठेवू नको गं, भाई आले म्हंजे गेलंच!" इस्माईलभाई तरीही चहा घेऊनच उठले.

आता मला जे लिहायचे आहे ते पंच्याहत्तरीच्या अशा गौरवग्रंथात लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे.

माझी कादंबरी पुण्याच्या त्याच प्रकाशनगृहाला पाठवताना त्यांनी बजावले होते. एका वेळी एकच प्रकाशक. तीन महिने थांबायचे, मग एक स्मरणपत्र. दुसरीकडे द्यायचे मनात आले तर आधी पुण्याला कळवायचे आणि मगच द्यायचे. मी मान डोलावली होती. चार महिने झाले. स्मरणपत्र गेले, उत्तर नाही. अशात कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची साठी ठरली आणि आमच्या गावचे संचालक आबा माझ्या दुकानात आले.

"मिस्तरी, पुस्तक लिवलंय म्हनं तुमी?"

"लिवलंय. पुण्याला गेलंय."

"पुण्याची वाट बघून म्हातारे व्हताल की बे! साहेबाच्या साठीत काढू. समदा तालुका येनार. स्टेजवर साहेबाच्या बाजूला खुर्ची तुमची."

त्या खुर्चीच्या मोहाने मी गेलो. दुष्काळात बोअर खोल जात होते, मोटारी जळत होत्या, रात्रंदिवस लोकांच्या मोटारी भरून मी थकलो होतो, असे कारण मी स्वतःला बरीच वर्षे देत आलो. ते खरे नाही. आपण नववी शिकलेलो, आणि साहेबांशेजारी बसणार, हे एवढेच कारण होते. पुण्याला कळवले नाही. इस्माईलभाईंना सांगितले नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात पंधरा दिवसांत पुस्तक झाले. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, पुढची आठ पाने शुभेच्छांची, आणि मोटारीच्या ज्या भागात तार भरतात त्याचा 'स्टेटर' हा शब्द सबंध पुस्तकात चुकीचा छापलेला.

इस्माईलभाईंना छापील निमंत्रणातून कळले. ते समारंभाला आले, तिसऱ्या रांगेत बसले, रांगेत उभे राहून प्रत घेतली. मी हार गळ्यात तसाच ठेवून त्यांना म्हणालो, "बघा भाई, तुमच्या पुण्याच्या आधी आमच्या गावानं छापलं."

"मुबारक हो, मिस्तरी," ते म्हणाले. प्रत पिशवीत घालून निघाले. ते माझ्यावर जळतात असे मला वाटले. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण वाटले ते वाटले.

पुस्तकाच्या प्रती नारळ-शालीसोबत वाटल्या गेल्या. उरलेल्या सोसायटीच्या गोदामात खताच्या पोत्यांवर पडल्या. कोणत्याही दुकानात नाहीत, अंबाजोगाईच्या ग्रंथालयातही नाहीत. मी पुन्हा काही लिहिले नाही. इस्माईलभाई भेटत, लेकरांची विचारपूस करीत. पुण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही.

या ग्रंथाच्या समितीने त्यांचे जुने जावक रजिस्टर तपासायला माझ्याकडे दिले, कारण तपशिलाच्या चुका माझ्या नजरेतून सुटत नाहीत. माझ्या कादंबरीच्या नोंदीला तीन कागद टाचलेले होते. पहिला पुण्याचा होकार. समारंभानंतर आठवड्याने आलेला. थोडे बदल करून आम्ही छापू, आजाराच्या रजेमुळे उशीर झाला, असे संपादकबाईंनी लिहिले होते. दुसरी इस्माईलभाईंच्या उत्तराची नक्कल: 'पुस्तक स्थानिक पातळीवर छापले गेले आहे. लेखकाला नियम समजावून सांगण्यात मी कमी पडलो. चूक माझी आहे.' समजावून सांगण्यात ते तसूभरही कमी पडले नव्हते. तिसरे पत्र प्रकाशनगृहाच्या मालकांचे, दोन ओळींचे: यापुढे आपल्या शिफारशीचा विचार करता येणार नाही.

रजिस्टरातली पुढचीच नोंद सुमनताईंची होती. केज तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या या अंगणवाडी सेविका. दुष्काळात त्या जनावरांच्या चारा छावणीत मुक्कामाला होत्या. तिथे गुरांसोबत राहिलेल्या बायकांबद्दल त्यांनी लिहिले होते. शेऱ्याच्या रकान्यात इस्माईलभाईंचे नेटके अक्षर: 'पट्टी शाबूत. न उघडता परत.' खाली आणखी चार प्रकाशकांची नावे, चार तारखा, चार नकार. शेवटी लिहिले होते: 'स्वतः जाऊन परत दिले. बाई रडल्या नाहीत. चहा दिला.'

मी रजिस्टर घेऊन केजला त्यांच्या घरी गेलो. भर दुपार होती, ते ओट्यावर चष्मा पुसत बसले होते.

"भाई, हे मला कावून सांगितलं न्हाई?"

त्यांनी पान ओळखले. "सांगून काय झालं असतं? तुमी लिहायचं सोडून दिलं असतं."

"सोडलंच की, भाई."

त्यांनी रजिस्टर मिटून ओट्यावर ठेवले. "मग माझं गप बसनं बी वायाच गेलं म्हनायचं."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, मला कळले नाही. "हे पुस्तकात लिहू नका, मिस्तरी. सत्काराच्या ग्रंथात असलं लिहितेत का?" एवढे मात्र म्हणाले. त्यांचे न ऐकण्याची ही माझी दुसरी वेळ. पण यातली एक तरी चूक ज्याची त्याच्या नावावर चढावी, म्हणून लिहितो.

त्यानंतर मी सुमनताईंकडे गेलो. सगळे सांगितले. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यांनी वाचून परत केलं न्हवतं? मला वाटलं होतं, माझंच लिहिनं वाईट हाय." इतकी वर्षे त्या तेच समजून होत्या. माझ्या एका खुर्चीने एवढे केले होते. ट्रंकेतले हस्तलिखित त्यांनी लगेच दिले नाही. दुसऱ्या खेपेला दिले. मी ते इस्माईलभाईंच्या शिस्तीने उतरवले, कथासार शेवटासकट लिहिले आणि पुण्याला पाठवले. सोबत माझ्या नावाने खरी हकीकत लिहिली: शब्द बागवान यांनी मोडला नव्हता, मी मोडला होता. जुन्या बाई आता तिथे नाहीत म्हणतात. पत्र कोण वाचेल, माहीत नाही. उत्तर अजून आलेले नाही.

इस्माईलभाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त या ग्रंथात त्यांच्यासाठी पुष्कळ काही मागितले जाईल. माझे मागणे निःस्वार्थी नाही. सुमनताईंचे पुस्तक छापून येईपर्यंत, मग ते पुण्याहून येवो की आणखी कुठून, भाईंचे डोळे चांगले राहोत, गुडघे जीपची चढउतार सोसोत, आणि छापील पानातली चूक दिसल्यावर चिडण्याइतकी प्रकृती खणखणीत राहो. माझ्यामुळे त्यांच्या शब्दाची जी वर्षे गेली ती परत करणे माझ्या हातात नाही. म्हणून पुढची मागतो, आणि ती भरपूर मागतो.