बेलफास्टचा कंटेनर

नागपूरची वसुधा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होती, पण अमेरिकेत मॉरिसव्हिलला आली ती नवऱ्याच्या, सत्यजितच्या, नोकरीमागे. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिनं तासाभराच्या ड्राइव्हवरच्या एका रताळ्यांच्या पॅकिंग कंपनीत काम धरलं. परदेशी जाणाऱ्या मालाला कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो; त्याचे अर्ज ती भरायची. सोळा वर्षांत तिच्या कागदावरून एकही कंटेनर अडला नव्हता.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि हे काम किचकट झालं. इंग्लंडला ब्रिटनचे नवे नियम, उत्तर आयर्लंडला मात्र युरोपचेच. वसुधानं सगळं वाचून काढलं. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची ऑर्डर आली तेव्हा ती मॅनेजर डगला म्हणाली, "याचा दाखला वेगळा लागेल. इन्स्पेक्टरला पुन्हा बोलवावं लागेल, चार दिवस जातील."

"बेलफास्ट युकेमध्येच आहे ना?" डग म्हणाला. "माल लिव्हरपूलला उतरतोय, तेच लिही. जहाज शुक्रवारी सुटतंय."

"पण डग, पुढे बेलफास्टला..."

"वसू, तुला सगळं अवघड करायची सवय आहे."

ते तिला लागलं. तिनं नेहमीसारखा इंग्लंडचा अर्ज भरला आणि पाठवायचं बटण दाबलं.

तीन आठवड्यांनी बेलफास्टच्या बंदरात चुकीच्या दाखल्यामुळे कंटेनर अडवला आणि माल नष्ट केला. मीटिंगमध्ये मालकानं विचारलं, "अर्ज कुणी भरला?"

"वसूनं," डग म्हणाला.

"मी यांना सांगितलं होतं," वसुधा म्हणाली.

"लेखी?"

लेखी काहीच नव्हतं. महिनाअखेरीस वसुधानं काम सोडायचं ठरलं.

"इतकी वर्षं अमेरिकेत काढलीस, एक ईमेल टाकता आला नाही?" सत्यजित घरी म्हणाला. डगपेक्षा तिला स्वतःचाच राग येत होता. नियम माहीत नसता तर ती चूक ठरली असती. तिनं माहीत असून बटण दाबलं होतं.

जाण्याआधी नव्या माणसासाठी तिला नियम लिहून द्यायला सांगितले. तिनं देशवार नऊ पानं लिहिली, नीटनेटकी. हलगर्जी काम तिला जमतच नव्हतं.

दोन महिन्यांनी ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. ती नऊ पानं आता सगळ्या ग्राहकांना जात होती. वर डगचं नाव होतं.

"कुणाचा फोन?" सत्यजितनं विचारलं.

"राँग नंबर," वसुधा म्हणाली.