वाटीत मावत असेल तर

दाक्षायणी मॅडम रोज क्लासखाली स्कूटी लावायच्या आणि हेल्मेट न काढता दोन मिनिटं तशाच बसून राहायच्या. मग पेठेतला तो अरुंद जिना चढून मुलींना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला जायच्या.

सतरा वर्षं पहिला धडा तोच. कुठला आकडा केवढ्या जागेत ठेवायचा. बाइट म्हणजे वाटी, इंट म्हणजे पातेलं, लाँग म्हणजे हंडा. "वाटीत मावत असेल तर पातेलं काढू नका," त्या सांगत. बुलियनला भांडं नव्हतं. "तो हो म्हणतो, नाहीतर नाही. आमच्या सासूबाईंसारखं 'बघू की' म्हणत नाही." पोरी हसायच्या. मॅडमना स्वतःला त्याचं हसू येणं केव्हाच थांबलं होतं.

यंदा दहाच पोरी उरल्या. जूनपासून पुण्याहून आणलेलं तासांचं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावू, असं क्लासचे मालक शिवयोगी सर बोलून गेले होते. आशा एकच होती. एका ट्रस्टला डोळे तपासणीच्या शिबिरात रांगेचे नंबर देणारा प्रोग्राम हवा होता. काम पसंत पडलं तर ट्रस्ट वीस मुली पाठवणार होता, आणि बॅच टिकणार होती.

प्रोग्राम बॅचमधल्या सिद्धेश्वरीनं लिहिला. शिबिराला दरवर्षी ऐंशी-नव्वद माणसं यायची, म्हणून नंबरासाठी तिनं बाइट घेतला. त्यात एकशे सत्तावीसपर्यंतच आकडा मावतो. मॅडमनी दहा नावं टाकून पाहिली. त्या दिवशी डोकं दुखत होतं. "छान," म्हणाल्या.

शिबिराला अक्कलकोटकडून दोन टेम्पो भरून आले. एकशे सत्तावीस नंबर सुरळीत गेले. पुढच्या काशम्मा. त्यांच्या चिठ्ठीवर छापलं होतं, उणे एकशे अठ्ठावीस. वाटी भरली होती आणि आकडा उलटून उण्यात गेला होता.

मागचे म्हातारे डोकावले. "काशम्मा, तुझा नंबर गेल्या सालचा हाय की!"

रांग हसली. ट्रस्टचे मल्लिनाथअण्णा हसले नाहीत. "कुणी केलंय हे?"

सिद्धेश्वरीनं मान खाली घातली.

"मी शिकवलंय, अण्णा," मॅडम म्हणाल्या. "वाटी घ्या म्हणून मीच सांगते."

"वाटी? डोळ्याच्या शिबिरात वाटी कुठली काढलीत?"

मॅडम कॉम्प्युटरकडे वळल्या. बाइट खोडून इंट लिहिलं. चूक एका शब्दाची होती. पण तोवर रांग मोडली, तरणे पुढं घुसले, आणि काशम्मांचे डोळे तपासायला दुपारचे तीन वाजले. अण्णा ते बघत उभे होते.

ट्रस्टच्या मुली आल्या नाहीत.

मेच्या शेवटच्या शनिवारी सिद्धेश्वरी म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळं झालं सगळं."

"तू ऐकलंस माझं. नीट न बघता छान म्हणाले ती मी."

मग त्यांनी क्लासच्या किल्ल्या सरांच्या टेबलावर ठेवल्या. सर नव्या टीव्हीची वायर उलगडत होते. मॅडम दारापर्यंत गेल्या, थांबल्या.

"सर, चौथा कॉम्प्युटर दोनदा चालू करावा लागतो. पहिल्यांदा नुसता पंखाच फिरतो त्याचा."