कॉफीआधी करौला घाट

फिक्रेताबाईंचं अझेमिनाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते सातवीच्या वर्गात. बाई भूगोल शिकवत होत्या. बाहेर लाकडांनी भरलेला एक ट्रक चढावर धापा टाकत होता, आणि तिसऱ्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी स्वतःशीच पुटपुटली, "आता दुसरा टाक की, बाबा." पुढच्याच क्षणी ड्रायव्हरनं गिअर बदलला. वर्ग खो खो हसला. रागवायचं म्हणून बाईंनी चष्मा काढला, पण रागवायला काही सापडेना.

मुलगी इद्रिझ मेकॅनिकची. बोस्नियातल्या क्लादान्य गावात डिझेल गाडी बिघडली की लोक इद्रिझकडे जात. मोठा भाऊ ऑस्ट्रियात लिंत्सला गेला, ही मात्र बापाच्या हाताखाली रुळली. पुढं इद्रिझ वारला, आणि गॅरेजच्या समोरच राहणाऱ्या बाईंना दिसू लागलं की दिवसचे दिवस तिथं एकही गाडी वळत नाही. स्टँडवरचे टॅक्सीवाले म्हणत, "बायकांचा हात लागला की इंजिन लाजतं." भाऊ फोनवर म्हणे, "तिथं माश्या मारत बसण्यापेक्षा इकडे ये. लाँड्रीत जागा आहे." अझेमिनानं त्याच्याकडून सप्टेंबरअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

सप्टेंबरचे दहा दिवस उरले असताना दर्विश आला. तो आपल्या व्हॅनमधून गावातल्या आजाऱ्यांना करौला घाट ओलांडून सारायेव्होच्या इस्पितळात नेई. घाटाच्या शेवटच्या वळणांवर गाडीचा जीव जाई आणि मागून काळाकुट्ट धूर निघे. दोन मेकॅनिकांनी पाहिल्या पाहिल्या टर्बो बदलायला सांगितलं होतं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. नवा घ्यायचा तर दर्विशला हिवाळ्यात जाळायची लाकडं विसरावी लागली असती.

"तुझ्याकडे आलो कारण आता तूच उरलीस," त्यानं तोंडावर सांगितलं.

अझेमिनानं पंख्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. तो घट्ट होता. धूर काळा होता, निळा नव्हता, म्हणजे टर्बो तेल पीत नव्हता. कॉम्प्युटर लावला तर हवेचा दाब कमी पडल्याची नोंद होती. हवा कुठूनतरी निसटत होती खास. पण नळ्यांत हवा भरून पाहिली तर सगळं जागच्या जागी. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा दर्विश मान हलवत परत गेला, आणि स्टँडवर हसू पिकलं.

दुसऱ्या खेपेला बाई तिथंच बसल्या होत्या. दर्विश गेल्यावर अझेमिना कप गोळा करत होती. ती एकदम थांबली.

"बाई, आपण किती वेळ बसलो होतो?"

"असेल तासभर. दर्विशनं जावयाचं सगळं पुराण लावलं ना."

"गाडी घाट उतरून आली तेव्हा तापलेली होती. आपण कॉफी प्यायलो आणि ती थंड झाली. आधीच्या दोघांनीही हेच केलं असणार. पाहुण्याला कॉफी दिल्याशिवाय बॉनेट उघडतंय कोण इथं?" ती कपाळावर हात मारून हसली. "आजारी माणूस बरा झाल्यावर तपासतोय आपण!"

तिसऱ्या खेपेला दर्विश आला तो सवयीनं थेट स्टुलावर बसायला निघाला.

"काका, बसू नका. चावी द्या. आधी घाट, मग कॉफी."

दर्विशचा चेहरा पडला. "तुझ्या बापानं मला दारातून असं कधी हाकललं नव्हतं, पोरी."

"बाबा असते तर मीच त्यांना हाकललं असतं. बाई, तुम्ही मागं बसा. वजन हवंय."

"वजन म्हणून मला नेतेस?" बाई म्हणाल्या, पण बसल्या. त्यांच्या शेजारी सिमेंटची चार पोती आली.

शेवटच्या वळणावर सुरुवातीला बारीक शीळ ऐकू आली, मग गाडी मरगळली. अझेमिनानं ती कडेला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं. दर्विशला ॲक्सिलरेटरवर पाय द्यायला लावून तिनं टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी नळीवर साबणाचं पाणी मारलं. वरून काहीच दिसेना.

"आरसा आहे का, बाई?"

बाईंनी पर्समधला गोल आरसा पुढं केला. तिनं तो नळीच्या खाली धरला. नळी आवळणाऱ्या क्लँपच्या मागं, वरून कधी दिसलीच नसती अशा जागी, बोटभर चीर आ वासून फुगे सोडत होती. गार झाली की तिचे ओठ मिटत, तापली आणि दाब चढला की उघडत.

दर्विश खाली उतरून आला आणि वाकून आरशात बघत राहिला. "एवढंच?"

"एवढंच. नळी बदलायची. टर्बो ठणठणीत आहे, तुमच्या जावयापेक्षा."

दर्विश इतका हसला की त्याला ठसका लागला.

नवी नळी बसवून दुसऱ्या दिवशी तो चार आजारी माणसांसह तिसऱ्या गिअरवर घाट चढून गेला, आणि ही गोष्ट त्यानं स्टँडवर इतक्यांदा सांगितली की शेवटी लोकच त्याला गप्प करू लागले. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात गॅरेजसमोर तीन टॅक्स्या उभ्या होत्या. त्यातली एक इंजिन लाजतं म्हणणाऱ्याची. अझेमिनानं त्याला विचारलं, "हिला बुरखा घालू की असंच बघू?" तो खाली मान घालून म्हणाला, "बघ गं बाई, बघ."

त्या रविवारी तिनं भावाला फोन करून येत नसल्याचं कळवलं.

अझेमिना आता बेचाळीस वर्षांची आहे. सोमवार ते शनिवार सकाळी सात वाजता ती गॅरेज उघडते.