अध्यक्षांच्या डोक्यावरचा पदर

माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात चप्पल काढायचा नियम होता आणि भोकरदनमध्ये तो सगळ्यांनी मुकाट पाळला. काही पालक तर आत येताना हातही जोडायचे. साळवे सर मात्र उंबऱ्यातच थांबले.

"मॅडम, आत मशीन हाय का देव हाय?"

"धूळ जाते मशीनमध्ये."

"मंग बराबर हाय," म्हणाले आणि चप्पल काढून आत आले.

सर शेजारच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. नव्वदच्या दशकाची अखेर होती. त्या शाळेची मुलं संगणकासाठी माझ्याकडेच यायची, त्यांच्यामागोमाग सरही येऊ लागले. माऊसने चित्रं काढायचे. वीज गेली की सगळं काम पुसलं जायचं. मी चिडायचे, ते बाहेर जाऊन बिडी ओढायचे आणि वीज आली की पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरू. रंग जमला नाही तर एका वेळी एकच बदलायचे. "दोन बदलले तर कोणत्यानं घोटाळा केला, कसं कळंल?"

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी औरंगाबादहून एक प्रोग्राम आणला. विद्यार्थ्याने प्रश्नांची उत्तरं भरायची, पुढे काय शिकावं ते संगणक सांगणार. विकणाऱ्याने त्याला 'कृत्रिम बुद्धी' म्हटलं होतं. पहिली उत्तरं हौसेने भाऊसाहेबांनीच भरली. निकाल आला, 'प्रशासन, नेतृत्व'. तो कागद उत्तरांसकट फ्रेम होऊन शाळेच्या ऑफिसात लागला.

दहावीतल्या संगीताला आलं 'शिवणकाम'. गणितात वर्गात पहिली येणारी मुलगी, सायन्सला जायचं म्हणून कधीची ठरवून बसलेली. तिचे वडील मला सांगून गेले, "परीक्षा झाली की शिवणक्लासला घालतो. माणसं वशिला पाहतेत, मशीनला कोण सगंसोयरं हाय? ते कशाला खोटं बोलंल?"

सर तिथेच बसले होते. वडील गेल्यावर सर म्हणाले, "खोटं न्हाई बोलत ते. शिकवलं तेच बोलतंय. कोणी शिकवलं, एवढंच इचारायचं."

त्यांनी संगीताची उत्तरं भरली आणि एकेक बदलत गेले. निकाल हलेना. शेवटी वरच्या रकान्यात 'स्त्री'चं 'पुरुष' केलं. शिवणकामाचं अभियांत्रिकी झालं.

"मुख्याध्यापकांना सांगा," मी म्हटलं.

"सांगितलं तर मान डोलावतील. दिसलं पाह्यजे."

स्नेहसंमेलनाच्या चित्रप्रदर्शनात माझं मशीन टेबलावर मांडलं. पडद्यावर भाऊसाहेबांचा चेहरा, सरांनी माऊसने काढलेला, हुबेहूब. खाली 'प्रशासन, नेतृत्व'. बटण दाबलं की चित्र बदलेल, एवढी सोय मी करून दिली होती. भाऊसाहेब खूश झाले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. डोक्यावर पदर आला, कपाळावर कुंकू. मिशा तशाच. खाली 'शिवणकाम, गृहव्यवस्था'.

मुख्याध्यापक वायर ओढायला धावले. भाऊसाहेबांनी त्यांना अडवलं. "थांबा. साळवे, हे काय करून राह्यलात?"

"उत्तरं तुमचीच हायेत साहेब, ऑफिसातली. मी फक्त पुरुषाचं स्त्री केलं. तुम्हीच भरून पाहा."

भाऊसाहेब मशीनसमोर बसले. सगळ्यांसमोर पुन्हा तीच उत्तरं भरली, वर 'स्त्री'. पुन्हा शिवणकाम.

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं. माझे दोन ब्लाऊज कधीचे पडून हायेत."

आधी बाया हसल्या, मग पुरुषही. संगीताचे वडील हसले नाहीत. त्यांनी पुढे होऊन मला चित्र परत लावायला सांगितलं आणि बटण दाबलं. पदर आला. पुन्हा दाबलं. पदर गेला. मग मुलीकडे वळून म्हणाले, "सायन्सचा फार्म कधी मिळतो, इचारून ठेव."

ऑफिसातली फ्रेम उतरली, प्रोग्राम बंद झाला. जूनमध्ये सरांची बदली संस्थेच्या जांब समर्थच्या शाळेत झाली. प्रदर्शनात भाऊसाहेब हसले नव्हते, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. सरांची तक्रार एकच, "तिथं संगणक न्हाई."

बऱ्याच वर्षांनी, सर वारले त्याच्या आदल्या आठवड्यात मी आणि संगीता त्यांना भेटायला गेलो. ती आता जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बियाणं तपासते. सरांना फार बोलवत नव्हतं. तिच्या बाहीचं बटण तुटून तिथे सेफ्टी पिन होती आणि दुसरं बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्याने लोंबत होतं. सरांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"हे कोणी लावलं?"

"मीच, सर."

"नेऊन दाखव एकदा त्या मशीनला."