कमरेला बांधलेलं लोखंड

सन एकोणीसशे बारा. मला अठ्ठावन्नावं लागलं होतं. त्या सालची ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही — बायकोला नाही, देवालाही नाही. देवापुढं उभा राहिलो की मुद्दाम पावसापाण्याचं बोलतो. मी दोन बुकं शिकलेला माणूस, चुकलंमाकलं लिहीन. पण खोटं लिहिणार नाही. एवढं एकदा तरी.

महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात कुस्तीला काय दिवस होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी आणि बाबालाल नालबंद एकाच तालमीतले. घोड्याबैलांना नाल ठोकायचा त्याचा धंदा, माझी शेती. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. दूध तेवढंच, तूप तेवढंच, मेहनत शून्य — मग काय होणार? जिना चढताना दोघांनाही धाप लागायची. हकीमानं दोघांना एकदमच बघितलं. म्हणाला, पाच शेर उतरवा, फार नको. पण सहा महिन्यांत. रोज चतकोर भाकरी कमी, तूप बंद, सकाळी रंकाळ्याला एक फेरी. घाई केली तर या वयात छाती धरेल.

इतकं सोपं होतं. इतकं सोपं, आणि आम्ही त्याची कुस्ती केली.

तालमीत पोरं हसली, आणि आमची जुनी खोड वर आली. पाच शेर आधी कोण उतरवतो? हरेल त्यानं सगळ्यांसमोर पाठ टेकायची. दर रविवारी गुळाच्या पेठेत ढेपांच्या काट्यावर बसायचं ठरलं. एका पारड्यात आम्ही, दुसऱ्यात मापं, भोवती हमालांची ही गर्दी. एक हमाल ओरडला, "पावणं, ढेप चांगली हाय, पर जरा पातळ झालीया!"

आता सांगतो. सांगायलाच बसलोय ना?

पहिल्या रविवारी मी कमरेला शेल्याखाली नांगराच्या मोडक्या फाळाचे चार तुकडे बांधून काट्यावर बसलो. एकेक शेरभराचा. पुढं दर रविवारी एक तुकडा घरी ठेवायचा. बस्स. घरी तूप चालूच होतं. का केलं? भाकरी सुटत नव्हती म्हणून — आणि एका नालबंदाकडून हरायची लाज. दुसरं काही नाही. माझ्याकडं दुसरं कारण असतं तर बरं झालं असतं.

चार आठवड्यांत काट्यावर माझे चार शेर उतरले, पाचवा तेवढा उरला. बाबालालचा एक. हकीमाच्या हिशेबानं त्याचंच बरोबर होतं.

त्या दिवशी पेठेतून परतताना त्यानं माझा हात धरला. एरवी हा गडी कुणाला काही विचारणारा नव्हे. म्हणाला, "पैलवान, तू खातोस तरी काय? सांग की."

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? तेव्हा एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "सांजला वाटीभर ताक. दुसरं काय न्हाय."

आणि त्यानं तेच धरलं. वाटीभर ताक. वर घोंगडं पांघरून उन्हात चालायचा, घाम काढायचा — तरणेपणी वजन उतरवायला आम्ही करायचो तसं. तो साठीला टेकलेला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात भट्टीपुढंच कोसळला.

संध्याकाळी बघायला गेलो. गालाची हाडं वर आलेली, ओठ पांढरे. त्याची बायको हाजराभाभी दारातच म्हणाली, "भाऊ, तुमचंच ऐकतील ते. दोन घास खा म्हणावं." पेजेची वाटी तिनं माझ्याच हातात दिली. मी त्याच्याजवळ बसलो. खरं सांगितलं असतं तर तो मला शिव्या देऊन उठला असता, आणि वाटी रिकामी केली असती. ओळखत नव्हतो का मी त्याला?

त्यानं डोळे उघडले. "किती ऱ्हायलं रं माझं?"

"एकच शेर," मी म्हणालो.

तो हसला, आणि वाटी हातानं बाजूला सारली. मी ती खाली ठेवली. भाभीला म्हणालो, उद्या खाईल. आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटावर बसलो होतो तेव्हा शेजारचा तेली निरोप घेऊन आला — बाबालाल पहाटेच गेला. बायकोनं तोंडात पदर कोंबला. माझ्या ताटात अर्धी भाकरी होती, दूध होतं. ती मी कुस्करली, सगळी खाल्ली. हात धुतला, फेटा बांधला. नालबंदाच्या दारात माणसं जमली होती. त्यांना म्हणालो, "लय समजावलं मी त्याला. ऐकला न्हाय."